हलकी बीसीडी घेताना काय बघायचं आणि अंगाला कशी बसवायची

सोलापूरहून तारकर्लीला जायचं म्हणजे अख्खी रात्र प्रवासात जाते, त्यात डायव्हिंगचं सामान स्वतःचं असलं की बॅगा चढवता-उतरवता खांदे निघतात, म्हणून आपल्याकडच्या ज्यांनी ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला, कोर्स केलाय त्यातले बरेच जण आता हलकी ट्रॅव्हल बीसीडी बघायला लागलेत. 2025 पासून सोलापूर-गोवा विमानही सुरू झालंय, आणि विमानात एकेक किलो मोजून घेतात. तेव्हा प्रश्न तोच येतो, हलकी घेतली तर ती पाण्यात नीट चालते का, आणि घेतल्यावर ॲडजस्ट कशी करायची.

ज्यांना अजून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीसीडी म्हणजे डायव्हर अंगात घालतो ते हवा भरायचं जॅकेट. पाठीला सिलेंडर याच जॅकेटला पट्ट्याने बांधलेला असतो, आत हवेची पिशवी असते, डाव्या खांद्यावरनं एक घड्याघड्यांची नळी खाली येते आणि तिच्या टोकाला इन्फ्लेटर, म्हणजे दोन बटणं, एक हवा भरायला आणि एक सोडायला. हवा भरली की वर उचलता, सोडली की खाली जाता, आणि बरोबर तेवढीच ठेवली की मधेच तरंगता, ना वर ना खाली. तारकर्ली-मालवणला पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्यांना ही बटणं हातात देत नाहीत, सोबतचे इन्स्ट्रक्टर सर मागून सगळं सांभाळतात, म्हणून कित्येकांना जॅकेटमध्ये एवढं काही असतं हे कळतच नाही.

नेहमीचं भाड्याचं जॅकेट साधारण साडेतीन ते पाच किलोचं असतं आणि ट्रॅव्हल बीसीडी दोन ते तीन किलोच्या आसपास. हा दीड-दोन किलोचा फरक येतो कुठून ते बघा. पाठीमागची कडक प्लास्टिकची प्लेट काढून टाकलेली असते किंवा मऊ केलेली असते, खांद्याचं आणि कमरेचं फोम कमी असतं, खिसे बारके असतात, स्टीलच्या रिंगांच्या जागी ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या, सिलेंडरचा पट्टा बहुतेकदा एकच, आणि कापड पातळ. कापडातल्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात, भाड्याची जाड जॅकेटं 1000 डेनियर नायलॉनची पण मिळतात आणि हलक्यात 210 किंवा 420 असतं. सोलापूरकरांना सूत आणि डेनियर वेगळं समजावून सांगायला नको, एवढंच लक्षात ठेवा की डेनियर कमी म्हणजे माल कमी दर्जाचा असं नाही, हवा धरून ठेवायचं काम कापडाचं नसतंच, ते आतल्या कोटिंगचं असतं. पातळ कापडाला खडकावर आणि बोटीच्या कडेला घासायला लावायचं नाही, एवढी काळजी घेतली की पुरे.

आता माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. बीसीडी काट्यावर किती हलकी भरते याला मी कमी महत्त्व देतो, पाण्याखाली तिच्यात किती कमी हवा भरावी लागते यालाच खरं महत्त्व आहे. आणि ती हवा किती लागणार हे जॅकेट ठरवत नाही, पाण्यात खाली जाता यावं म्हणून तुम्ही कमरेला बांधलेलं शिसं ठरवतं. "हलक्या जॅकेटला उचलायची ताकद नाही", "मी एकदम वर फेकलो गेलो", "बॅलन्सच राहत नाही" अशा तक्रारी ज्या येतात त्यातल्या बहुतेक नीट विचारल्यावर जास्त शिशाच्या निघतात.

हे का होतं ते नीट बघू, कारण सगळा विषय इथेच आहे. पाण्यात दर 10 मीटरला एक बार दाब वाढतो. वर 1, 10 मीटरला 2, 20 ला 3, 30 ला 4. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं, रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेला हा नियम आपण नववी-दहावीत घोकलेला आहे. आंबोली घाट चढताना वेफर्सचा पुडा टम्म फुगतो ना, तेच इथे कितीतरी जोरात होतं. समजा तुम्ही गरजेपेक्षा 3 किलो शिसं जास्त बांधलंय. ते तोलायला खाली 10 मीटरवर जॅकेटमध्ये 3 लिटर हवा फालतूची भरावी लागते, कारण 1 लिटर हवा साधारण 1 किलो उचलते. आता वर यायला लागलात की ती 3 लिटर हवा पृष्ठभागापर्यंत 6 लिटर व्हायला बघते, म्हणजे 3 किलोचा जादा उचल, आणि ही वाढ सावकाश सारखी होत नाही, शेवटच्या 10 मीटरमध्ये सगळ्यात जास्त होते. 30 वरून 20 ला येताना हवा फक्त सव्वा-दीडपटीच्या मधे कुठेतरी वाढते, 10 वरून वर येताना थेट दुप्पट. म्हणून वर फेकलं जाणं बहुतेकदा वरच्या पाण्यातच होतं, आणि फुफ्फुसाला धोका पण तिथेच सगळ्यात जास्त. जॅकेटमध्ये मुळात लिटरभरच हवा असेल तर दुप्पट होऊन होऊन किती होणार, ती सहज सोडता येते.

म्हणून नवीन बीसीडी अंगात घातली की पहिलं काम पट्टे आवळायचं नाही, शिसं मोजायचं. पद्धत सोपी आहे. पाय टेकणार नाहीत एवढ्या खोल पाण्यात सगळं सामान घालून उभं तरंगायचं, जॅकेटमधली हवा पूर्ण काढायची, रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र) तोंडात, हात-पाय हलवायचे नाहीत, आणि नेहमीसारखा श्वास घेऊन धरायचा. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला पाहिजे. मग श्वास सोडला की हळूहळू खाली जायला पाहिजे. श्वास धरलेला असताना पण खाली जात असाल तर शिसं जास्त, सोडूनही बुडत नसाल तर कमी. यात लोक हमखास पाय मारत राहतात, नकळत, आणि पाय मारले की माणूस वर राहतो आणि वाटतं अजून शिसं पाहिजे, तेव्हा सोबतच्याला खाली बघायला सांगा तुमचे पाय शांत आहेत का.

आणि सिलेंडर भरलेला आहे की रिकामा हे विसरायचं नाही. भारतात बहुतेक ठिकाणी 80 नावाचा ॲल्युमिनियमचा सिलेंडर असतो, 11.1 लिटरचा, त्यात 200 बारला साधारण अडीच किलो हवा बसते. हो, हवेलाही वजन असतं. डाइव्ह संपताना ती हवा वापरून झालेली असते, त्यामुळे सुरुवातीला पाण्यात किंचित जड असलेला तोच सिलेंडर शेवटी दीड-दोन किलोने वर तरंगायला बघतो. शेवटच्या 5 मीटरच्या तीन मिनिटांच्या थांब्यावर तुम्ही नेमके याच वेळी असता. तेव्हा हा शिशाचा चेक, डाइव्ह संपताना, 50 बार उरलेले असताना करणं सगळ्यात उत्तम. सुरुवातीला भरलेल्या सिलेंडरवर केला तर वर सुमारे 2 किलो शिसं वाढवायचं.

आपल्यासाठी अजून एक गोष्ट आहे जी मालवणच्या पोरांना तितकी अडत नाही. आपण सराव करणार जलतरण तलावात, म्हणजे गोड्या पाण्यात, आणि डाइव्ह करणार समुद्रात. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्क्यांनी घट्ट असतं. तुमचं वजन अधिक सिलेंडर अधिक बाकी सामान मिळून 100 किलो धरा, म्हणजे समुद्रात अंदाजे अडीच किलो जास्तीचं शिसं लागणार. तलावात 3 किलोवर मस्त जमलं म्हणून तेवढंच घेऊन मालवणला उतरलात तर बोटीशेजारी खालीच जाता येत नाही, आणि मग घाईघाईत कोणीतरी दोन-तीन तुकडे एकदम कमरेला घालतं आणि तिथनं जास्त शिशाची सवय सुरू होते. सूटचं पण तसंच, तलावात टी-शर्टवर आणि समुद्रात 3 मिलिमीटरच्या वेटसूटमध्ये (फोम-रबराचा अंगाला चिकटून बसणारा सूट) असाल तर हिशोब बदलतो, पूर्ण 3 मिलिमीटरचा सूट वर दीड-दोन किलो सहज उचलतो आणि खोलात दाबून पातळ झाला की तेवढा उचलत नाही.

यावरनंच जॅकेटला किती लिफ्ट, म्हणजे उचलायची ताकद, पाहिजे ते काढता येतं. सूट खाली दाबल्यावर गेलेला उचल साधारण 2 किलो, सुरुवातीला सिलेंडरमधल्या हवेचं वजन अडीच किलो, आणि वर पाण्यावर आल्यावर डोकं बाहेर ठेवायला चार-पाच किलो. झाले साडेआठ-साडेनऊ. म्हणजे आपल्याकडच्या कोमट पाण्यात, पातळ सूट आणि बरोबर मोजलेलं शिसं असेल तर 11-12 किलो लिफ्टची हलकी बीसीडी आरामात पुरते. 20 किलोवाली पाहिजेच म्हणून अडून बसू नका, मोठी पिशवी म्हणजे आत हवा इकडनं तिकडे लोळायला जागा जास्त. लेबलवर लिफ्ट न्यूटनमध्ये लिहिलेली असेल तर 10 ने भागा, किलोत साधारण आकडा येतो. युरोपातला माल असेल तर ईएन 1809 हे मानक लिहिलेलं आहे का ते पण बघून घ्या.

आता हातात घेऊन काय तपासायचं. आधी लगेज मोजायच्या वजनकाट्याला लटकवून खरं वजन घ्या, कारण जाहिरातीतलं वजन कधी कधी लहान साइझचं असतं. मग एक गोष्ट जी फार कमी लोक करतात आणि मला सगळ्यात कामाची वाटते ती म्हणजे जॅकेट स्वतः किती तरंगतं ते बघणं. पाण्याच्या हौदात किंवा मोठ्या टबात जॅकेट बुडवा, सगळे व्हॉल्व दाबून हवा काढा, फोममधली हवा जाईपर्यंत हाताने दाबत राहा, आणि सोडा. वर येत असेल तर अर्ध्या-अर्ध्या किलोचे तुकडे खिशात टाकत बुडेपर्यंत बघा. जाड फोमचं जॅकेट एक-दीड किलो शिसं फक्त स्वतःला बुडवायला खाऊ शकतं. चांगली ट्रॅव्हल बीसीडी जवळजवळ काहीच खात नाही. हा तिचा खरा फायदा आहे, बॅगेतल्या दोन किलोपेक्षा मोठा, कारण कमरेवरचं तेवढं शिसं प्रत्येक डाइव्हला वाचतं.

हवा गळते का ते बघायला तोंडाने घट्ट होईपर्यंत फुगवा आणि रात्रभर ठेवा. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळा. दुपारी 40 अंशात फुगवून ठेवलं आणि पहाटे 25 अंशावर बघितलं तर आतली हवा थंड होऊन सुमारे पाच टक्के आकसलेली असते, जॅकेट थोडं सैल लागतं आणि माणूस गळतीचा संशय घेऊन चांगला माल परत करतो. म्हणून खोलीत ठेवा आणि साधारण त्याच तापमानाला बघा. खरंच मऊ पडलं असेल तर साबणाचं पाणी घ्या, आधी शिलाईवर शोधत बसू नका, व्हॉल्वच्या कडेला आणि नळी खांद्याला जोडते तिथे लावा, गळती बहुतेकदा तिथेच असते. बारीक बारीक फुग्यांचा पांढरा फेस एकाच जागी वाढत जाताना दिसतो. व्हॉल्वचं झाकण फिरवून काढलं तर आत रबराची चकती आणि स्प्रिंग दिसते, त्या चकतीखाली वाळूचा एक कण किंवा मिठाचा खडा अडकलेला असतो, तो धुऊन टाकला की काम होतं, चकती मात्र बसवताना दुमडली जाऊ देऊ नका.

जुनी घेत असाल तर नळी हळूच ताणून घड्यांच्या आत बघा, भेगा तिथे लपतात. हवा भरताना आतनं चिकट आवाज किंवा कुबट वास आला, किंवा हलवल्यावर आत खडखड वाजलं तर समजायचं मीठ वाळून बसलंय किंवा कोटिंग सुटतंय, असं जॅकेट कितीही स्वस्त असलं तरी मी घेऊ नका म्हणेन. इन्फ्लेटरला प्रेशर होज (सिलेंडरकडनं हवा आणणारी नळी) जोडून दोन मिनिटं नुसतं कान देऊन ऐका, सुईएवढा आवाज आला तरी व्हॉल्व पूर्ण बसत नाहीये. असाच व्हॉल्व पाण्याखाली कधी अडकला आणि हवा आपोआप भरत राहिली तर होजच्या टोकाचा कॉलर मागे सरकवून ती काढायची असते, एका हाताने हवा सोडत, आणि हे हातमोजे घालून, डोळे मिटून जमायला पाहिजे. त्यामुळे घेतानाच तो कॉलर धरायला सोपा आहे का ते बघा. काही कंपन्यांच्या इन्फ्लेटरचा जोड वेगळा असतो, भाड्याच्या रेग्युलेटरची होज त्याला बसत नाही, हे तर दुकानातच विचारा.

तुटलेलं बकल किंवा पट्टा बदलायला आपल्याकडे बॅग शिवणारे आणि युनिफॉर्मवाले इतके हुशार कारागीर आहेत की बाहेरचं काम ते चोख करतील, पण त्यांना हवेच्या पिशवीत सुई घालायला देऊ नका. एक टाका पडला की ती पिशवी गेली.

फिटिंगचं बघू. जॅकेट सूटवरच घालून बघायचं, शर्टवर नाही. आधी कमरेचा पट्टा, मग खांद्याचे, मग छातीचा, या क्रमाने, म्हणजे वजन कंबर घेते. पूर्ण हवा भरून बघा, छाती आवळून श्वास अडत असेल तर साइझ लहान किंवा पट्टा जास्त ओढलाय. हवा काढल्यावर खांद्यावरनं तीन-चार बोटं वर उचललं जात असेल तर सैल. दोन बोटं सहज शिरतील एवढं ठेवा.

सिलेंडरच्या पट्ट्याला हलक्या जॅकेटमध्ये जास्त जपावं लागतं कारण पट्टा एकच आणि पाठ मऊ. नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणला जातो, म्हणून आधी पाण्यात भिजवायचा आणि मगच आवळायचा. बकलमधनं पट्टा कसा ओवलाय त्याचा फोटो नवीन असतानाच काढून ठेवा, एक वेढा चुकला की क्लॅम्प बंद होतो, घट्ट वाटतो, आणि बोटीवरनं उडी मारल्यावर सिलेंडर खाली सरकतो. बांधून झाल्यावर जॅकेटचा हँडल धरून सिलेंडरसकट उचला आणि दोन-तीन झटके द्या, सूतभर पण सरकायला नको. आतल्या बाजूला रबराची पट्टी नसेल तर ती वेगळी मिळते, घ्याच.

सिलेंडर किती वर बांधायचा यावर तुम्ही पाण्यात आडवे राहता की उभे हे बऱ्यापैकी अवलंबून असतं. आपल्यातल्या बहुतेकांचे पाय खाली जातात कारण तरंगणारी फुफ्फुसं वर छातीत आणि शिसं खाली कमरेला. सिलेंडर एक-दोन इंच वर घ्या, डोकं मागे केल्यावर व्हॉल्वला आपटणार नाही एवढंच. तरी पाय खालीच राहिले तर कमरेवरचं एक-दोन किलो काढून सिलेंडरच्या पट्ट्यावरच्या छोट्या खिशात टाका. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

ट्रॅव्हल बीसीडींमध्ये बऱ्याच पाठीत हवा भरणाऱ्या असतात. पाण्याखाली त्या फार छान, पण वर आल्यावर पाठीकडची हवा तुम्हाला पुढे, तोंड पाण्यात जाईल असं ढकलते, पहिल्यांदा घाबरायला होतं. तेव्हा गच्च फुगवायचं नाही, हनुवटी वर राहील एवढीच हवा, आणि थोडं मागे रेलायचं. बीसीडी लाइफ जॅकेटसारखी बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही, त्यामुळे बोटीत किंवा धरणावर मुलांना लाइफ जॅकेट म्हणून ही कृपा करून घालू नका.

हवा सोडतानाही शरीराची स्थिती बघायची. हवा नेहमी सगळ्यात वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. उभे असाल तर डाव्या हाताने नळी डोक्यावर उंच धरून बटण दाबा, आडवे असाल तर पार्श्वभाग किंचित वर करून मागचा दोरीचा व्हॉल्व ओढा. डोकं खाली असताना नळीचं बटण कितीही दाबलं तरी हवा निघणार नाही, उलट पाणी आत येईल. आणि बटण दाबून धरायचं नाही, टक टक थोडं थोडं, मग थांबून बघायचं, परिणाम दिसायला दोन-तीन सेकंद लागतात आणि त्या सेकंदांतच लोक अजून दोनदा दाबतात. बारीकसारीक वर-खाली तर श्वासानेच करायचं, अर्धा लिटर जास्त श्वास म्हणजे अर्धा किलो उचल, फक्त पाण्याखाली श्वास कधी रोखून धरायचा नाही.

घरी आणल्यावर आतनं पण धुवा, नळीतनं तिसरा हिस्सा पाणी भरायचं, थोडी हवा, सगळ्या बाजूंनी हलवायचं आणि उलटं करून काढायचं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर व्हॉल्वमध्ये बसतो, म्हणून शेवटचं विसळणं तरी फिल्टरच्या पिण्याच्या पाण्याने करा. गच्चीवर उन्हात वाळवायचं नाही, सोलापूरचं ऊन पातळ नायलॉनला आणि कोटिंगला दोन्हीला खातं. सावलीत, अर्धवट फुगवून. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर एक दिवस पण ठेवू नका.

कोकणात जूनपासून पावसाळाभर डायव्हिंग बंद असतं. इन्फ्लेटरची वर्षातली सर्व्हिस याच दिवसांत करून घ्या, आणि लॉगबुकमध्ये प्रत्येक डाइव्हला चार गोष्टी लिहा, सूट कोणता, सिलेंडर कोणता, पाणी गोडं की खारं, आणि शिसं किती. पुढच्या ऑक्टोबरात बोटीवर कोणी "किती किलो देऊ?" विचारलं की वही बघून सांगता येतं.